मागून घेतलेली सक्तमजुरी

आमच्या गावचा तुरुंग मुळात तुरुंग नव्हताच. तो बारूदखाना होता. गावाबाहेर काळ्या दगडाची मोठी खदान होती. नांदेडहून धर्माबादकडं रेल्वे नेली तेव्हा पुलांना आणि मोऱ्यांना लागलेला बराच दगड तिथूनच गेला, असं जुनी माणसं सांगायची. सुरुंगाची दारू ठेवायला कंत्राटदारानं एक लांबोडकी इमारत बांधली. भिंती अशा जाड, की आत बसलेल्याला बाहेरचं ऊन कळू नये. लोखंडी दार, छताजवळ बारके झरोके. तेलंगणातून दगडफोडे आले, त्यांच्या झोपड्या पडल्या, बाजार भरू लागला आणि गावाला बरे दिवस आले. मग चांगला दगड संपला. रेल्वेही झाली. कंत्राटदार गेला, दगडफोडे गेले आणि खदानीत पाणी साठलं.

आता अशा घराचं करायचं काय? त्यात माणूस राहीना, गुरं बांधता येईनात. निजाम सरकारला मात्र ते भारी आवडलं. आयत्या बिळावर नागोबा! दाराला गज बसवले, आवाराला भिंत घातली, एक दारोगा आणि चार जवान आणून बसवले, झाला तालुक्याचा तुरुंग. खदानीच्या काठावर निकामी दगडांचे ढीग पडलेलेच होते. सजा झालेले कैदी ते फोडून सडकेसाठी खडी करायचे. त्यामुळं ‘खडी फोडायला जाशील’ ही शिवी दुसऱ्या गावात नुसती शिवी असेल, आमच्या गावात आया पोरांना हात धरून तो ढीग दाखवायच्या. आज तिथं खताची पोती ठेवतात. परवा एकानं मला विचारलं, आजी, या इमारतीचा काही इतिहास आहे का? म्हटलं, आहे की. मी तिथं नांदले आहे बाबा!

आमचे हे त्या तुरुंगाचे जमादार होते. दारोगासाहेबांच्या खालोखाल यांचा मान. राहायला घर आवारातच होतं, तुरुंगाच्या भिंतीला पाठ लावून. लोक चेष्टेनं तुरुंगाला सासुरवाडी म्हणतात, माझं सासर खरोखरच तिथं होतं. लग्नात मी माप ओलांडलं ते गावाकडच्या घरी, पण संसार मांडला तो खदानीच्या काठी. सुरुवातीला रडले. नंतर रडायला वेळच मिळेना. कारण तुरुंगाला भटारखाना नव्हता. सरकार ज्वारी द्यायचं, डाळ द्यायचं, आणि कैद्यांच्या भाकरी जमादाराच्या चुलीवर व्हायच्या. माझ्या आधीच्या जमादारीणबाईनंही तेच केलं होतं. दळायला कैदी, थापायला मी. हळूहळू हात असा बसला, की बोलता बोलता टोपली भरायची. शेळीचोर, भांडखोर, दारू गाळणारे, सगळे माझ्या हातच्या भाकरीचं नाव काढायचे. मला त्याचा अभिमान होता, आणि आहे. लाजायचं कशाला?

एकच सल होता. माझे अण्णा, म्हणजे वडील, माझ्या घरी जेवत नव्हते.

आमच्याकडं रीतच तशी. लेक दिली, की तिला मूलबाळ होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. कन्यादान केलं ना? मग दान दिलेल्या घरचं परत तोंडात कसं घालायचं? अण्णा तर रीत पाळण्यात शंभर नंबरी. चार कोसांवरून बैलगाडीनं यायचे, तुरुंगाबाहेरच्या लिंबाखाली गाडी सोडायचे. माझ्यासाठी हरभऱ्याचे ढाळे, बोरं, गूळ आणायचे. आपली भाकरी फडक्यात बांधून आणलेली असायची, ती लिंबाखालीच खायची. पाणी? खदानीत उतरून ओंजळीनं प्यायचं. ते पाणी जमिनीचं, लेकीचं नव्हे! मी दारात तांब्या घेऊन उभी असायची.

“अण्णा, सारा तुरुंग माझ्या हातचं खातो. तुम्हीच तेवढे उपाशी,” मी म्हणायची.

“मी कुठं चोरी केली?” असं म्हणून ते हसायचे, आणि मला हसू यायच्या ऐवजी रडू यायचं. नवीन लग्न झालेल्या पोरीला आपला संसार बापाला दाखवायचा असतो. बाप दारातूनच बघून जातो, हे काही खरं नाही.

निजामाचं राज्य संपायच्या आधीचा तो हिवाळा. चहूकडं शिंदीची झाडं तोडायची हवा सुटली होती. शिंदीच्या दारूवर सरकारचा कर, तेव्हा झाड पाडलं की सरकारला थेट झळ. दिवस वाईट होते, मी नाही म्हणत नाही. लोक गावं सोडून जात होते. पण अण्णांसारखा जन्मभर नांगरामागं चाललेला माणूस यात पडेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांच्या गावच्या तरण्या पोरांनी ओढ्याकाठची शिंदी तोडली. कुऱ्हाडींना धार अण्णांनी लावून दिली, आणि पोरांना झाड कोणत्या अंगाला पाडायचं ते कळेना, म्हणून शेवटी स्वतःच दोन घाव घातले. पोलिसांनी सगळ्यांना उचललं.

एके दिवशी दुपारी दोरानं बांधलेली माणसं आवारात आली. पुढं अण्णा. दारात आमचे हे, अंगावर सरकारी कोट, हातात किल्ल्यांचा जुडगा. आमच्या माहेरी याच माणसाचे पाय अण्णा स्वतः धूत. आता त्यांची झडती घ्यायची होती.

“रामराम जावईबापू,” अण्णा म्हणाले.

यांच्यापुढं पेच : पाया पडावं की माणसं मोजावीत! शेवटी डोळे खाली घालून “या मामा” म्हणाले, पाव्हण्याला म्हणावं तसं. बरोबरच्या जवानाला हसू आवरेना.

मुन्सफानं अण्णांना महिन्याची साधी सजा दिली होती. निजामीत तिला कैद-ए-महज म्हणत. म्हणजे नुसतं बसायचं, खडी फोडायची नाही. मला वाटलं, चला, महिनाभर तरी बाप डोळ्यांसमोर राहील. मला तेव्हा पाचवा महिना लागला होता. संध्याकाळी भाकरी केल्या, वरची जाड, पदर सुटलेली भाकरी अण्णांसाठी काढली, आणि टोपली आत पाठवली. ती भाकरी तशीच परत आली.

“मामा न्हाई म्हणतेत,” हे पडलेल्या आवाजात म्हणाले.

मी कपाळावर हात मारून घेतला. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! तुरुंग सरकारचा, ज्वारी सरकारची, पण चूल लेकीची. सकाळी मी शेजारच्या किराणावाल्याच्या बायकोकडून भाकरी करून आणली. अण्णांनी गजातून विचारलं, “पीठ कुठलं?” पीठ माझ्याच घरचं होतं. झालं! आणि सजा झालेल्या कैद्याला बाहेरचा शिधा चालत नाही, हा सरकारचा कायदा. अण्णांचा कायदा एकीकडं, सरकारचा दुसरीकडं, आणि मध्ये माझी भाकरी.

“अण्णा, असं काय करून राहिले तुम्ही? मरायचं हाय का?” मी गजाशी जाऊन म्हणाले.

“एवढ्यानं कुणी मरत न्हाई. खदानीचं पाणी हाय की,” अण्णा म्हणाले. “तू बैस. उभी राहू नकोस अशी.”

त्यांच्या गावच्या पोरांना रीत ठाऊक होती. पण वडीलधारा माणूस उपाशी बसलेला असताना आपण त्याच्यासमोर भाकरी कशी मोडायची? त्यांनीही ताटल्या सारल्या. त्यांचं बघून शेळीचोरानं सारली. त्याला तर कारणही माहीत नव्हतं, पण एकट्यानं खायची लाज वाटली म्हणे. त्या दिवशी दोन्ही वेळची अख्खी टोपली परत आली.

इकडं दारोगासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. हा भला माणूस हैदराबाद शहरातला. पान खाणारा, शेरोशायरी करणारा, कुणावर हात न उगारणारा. पण त्याला आमच्या रीती कुठून ठाऊक असणार! त्याच्या हिशेबी एकच गोष्ट झाली होती : शिंदीवाल्यांनी उपोषण सुरू केलं. आणि त्यांचा पुढारी कोण? तर जमादाराचा सासरा!

“बेटी के हाथ का भी नै खाते!” ते यांना म्हणाले. “कित्ता पक्का आदमी है! मेरी नौकरी लेके उठते क्या?”

हे सलाम ठोकून बाहेर पडले. घरी आल्यावर मी विचारलं, “खरं काय ते सांगितलं कामून न्हाई?”

“काय सांगू?” हे चिडले. “साहेब, हा तुरुंग म्हणजे माझ्या सासऱ्याच्या लेकीचं घर हाय, असं सांगू?”

दुसऱ्या दिवशी दारोगासाहेबांनी निकाल दिला. उद्याच्या गाडीनं म्हाताऱ्याला जिल्ह्याच्या मोठ्या जेलात पाठवायचं. त्या दिवसांत तिथं माणसावर माणूस भरलेला. अण्णांना थंडीत दमा उठायचा. पोटात अन्न नाही, छातीत दमा, आणि अनोळखी गर्दीत जमिनीवर झोपायचं. परत येतील की नाही, हाच एक विचार. चुलीपुढं बसले आणि ढसाढसा रडले. मग राग आला. अण्णांचा आला, रीतीचा आला, निजामाचा आला. राग आला की माझं डोकं चालतं, हे मात्र खरं.

मला आमचा लहानपणीचा सालगडी आठवला. नवीन होता, पंगतीत लाजायचा, एका भाकरीवर उठायचा. अण्णा त्याला दटावायचे, “लाजतो कामून रे? राबणाऱ्यानं भाकरीला लाजू न्हाई. घामाच्या भाकरीला घर नसतंय!”

पदर सावरला आणि गजाशी गेले.

“अण्णा, घामाच्या भाकरीला घर नसतंय, हे कोण म्हणायचं?”

“मीच म्हणायचो.”

“मग पाव्हणा म्हणून जेवू नका. सालगडी म्हणून जेवा. समोर खडी हाय, फोडा. फोडली तेवढ्याची भाकर घ्या. मी वाढणार न्हाई, मजुरी देणार हाय.”

अण्णांच्या मागं ती पोरं कान टवकारून बसलेली. मग अण्णांनी मिशीवरून हात फिरवला.

“हातोडा दे म्हणावं,” ते म्हणाले.

पण हातोडा द्यायचा तर साहेबांचा हुकूम पाहिजे. साध्या कैदेतल्या माणसाला कामाला लावणं म्हणजे गुन्हा. हे जायला धजेनात, तेव्हा मीच साहेबांच्या ओसरीवर गेले. डोक्यावर पदर, नजर खाली, पण तोंड सुरूच. लेक म्हणजे काय, दान म्हणजे काय, चूल म्हणजे काय, सगळं सांगितलं. साहेब तोंडातलं पान विसरून ऐकत होते.

“मतलब... ये भूक हरताल नै?” त्यांनी विचारलं.

“न्हाई साहेब. ही आमची रीत हाय.”

“और अब तुमारे बाबा को सक्तमजुरी होना?”

“हाव साहेब. मागून राहिलेत.”

ते असे हसले, की आतून त्यांच्या बेगमसाहेबांनी पडदा बाजूला करून पाहिलं. म्हणाले, एवढ्या वर्षांच्या नोकरीत सजा कमी करा म्हणणारे हजार पाहिले, वाढवा म्हणणारा हा पहिलाच. मग डोळे पुसून गंभीर झाले. “जाव बेटी. देओ बाबा को हातोडा. गाडी कॅन्सल!”

सकाळी खदानीच्या काठावर अख्खं गाव जमलं! बातमी कुणी फोडली देव जाणे. जावई सासऱ्याला खडी फोडायला लावणार म्हणजे जत्राच की. “काय हो जमादार, हुंड्यात काही राहिलं होतं का?” कुणीतरी गर्दीतून ओरडलं. “कलियुग, दुसरं काय!” एक म्हातारी म्हणाली. यांचं तोंड काळं ठिक्कर पडलं होतं. यांनी हातोडा अण्णांच्या हातात दिला. दोन-चार घाव झाले, अण्णांना खोकल्याची उबळ आली, आणि यांना राहवलं नाही. अंगातला सरकारी कोट काढून दगडावर ठेवला, दुसरा हातोडा उचलला आणि अण्णांच्या शेजारी बसकण मारली.

अण्णा मात्र खवळले. “जावईबापू, उठा! उठा म्हणतो ना!”

“मामा, बसू द्या. तुमची तब्येत...”

“तुम्ही फोडली तर ती भाकर पुन्हा तुमच्याच घरची झाली की! सगळ्यावर पाणी पाडता काय?”

मी खिडकीतून बघत होते. हसावं की रडावं ते कळेना, दोन्ही केलं. हे उठले, कोट घातला, आणि जरा लांब पाठ करून उभे राहिले. अण्णांनी दमानं, खोकत-थांबत, एक टोपलीभर खडी केली. शेतकऱ्याचा हात तो, दगडाची शीर लगेच सापडायची. दुपारी मी टोपली पाठवली. अण्णांनी भाकरी हातावर घेतली, मोडली, आणि खाल्ली. मागोमाग साऱ्या बराकीनं ताटल्या ओढल्या. आवारात नुसता भाकरी चावल्याचा आवाज! मी दाराआड बसून तो ऐकला. माझ्या लग्नात सनई होती, पण त्या दिवसाइतकं सुख मला लग्नातही झालं नव्हतं.

हावरी मीच. दुसऱ्या दिवशी अण्णांच्या दोन भाकरींच्या मधे तुपाचा गोळा लपवून पाठवला. जरा वेळानं भाकरीच्या तुकड्यावर निपटून काढलेलं ते तूप परत आलं. सोबत निरोप : सालगड्याला तूप कोण वाढतंय?

महिना असाच गेला. मजेत गेला म्हणायला हरकत नाही. साहेब येता-जाता विचारायचे, “बाबा, आज मजदूरी मिली?” अण्णा म्हणायचे, “मिली सायेब.” सजा संपली तेव्हा अण्णांनी फोडलेल्या खडीचा चांगला ढीग झाला होता. जाताना लिंबाखाली गाडी जुंपली. मी सवयीनं तांब्या घेऊन दारात आले. अण्णांनी मान हलवली. आता ते सालगडी नव्हते, पुन्हा बाप झाले होते. खदानीत उतरले, ओंजळीनं पाणी प्याले आणि गेले.

सातव्या महिन्यात तेच मला बाळंतपणाला न्यायला आले. माहेरी मुलगी झाली. गुटगुटीत, सावळी, रडायला लागली की शिवारात ऐकू जाईल अशी. मला आनंद झाला आणि मनात धस्सही झालं. कारण भावकीतल्या बायका लगेच म्हणाल्या, मुलगी झाली, आता अण्णांचं बंधन सुटत नाही. नातू पाहिजे. माझ्या आईलाही तसंच वाटत होतं. अण्णांना मी विचारलंही नाही. त्यांची रीत मला ठाऊक होती, आणि पुन्हा तेच ‘नाही’ ऐकायची माझी छाती नव्हती.

पावसाळ्याच्या तोंडाला अण्णा मला सोडायला निघाले. मांडीवर पोर, डोक्यात सारखी धाकधूक. तुरुंगाच्या आवारात आलो तर लिंबापासून माझ्या दारापर्यंत खडीची वाट झालेली. चिखलात मी घसरू नये म्हणून यांनी करवून घेतली होती. अण्णा अनवाणी होते. दोन पावलं चालले आणि थबकले.

“ही माझी का?” त्यांनी विचारलं.

“तुमचीच मामा,” हे म्हणाले. “सडकेला जाऊ दिली न्हाई.”

अण्णा नेहमीसारखे लिंबाखाली थांबतील म्हणून मी पोर घेऊन पुढं झाले. मागं वळून पाहिलं तर ते त्या वाटेनं येत होते. उंबऱ्यावर पाय झटकले, आत आले, खुंटीला पागोटं अडकवलं आणि चुलीसमोर पाटावर बसले.

मी म्हणाले, “अण्णा... मुलगी हाय ना. लोक म्हणतात...”

“नात काय पोर न्हाई व्हय?” अण्णा म्हणाले. “पाणी दे.”

तांब्या दिला. घटाघटा प्याले, मिशा पुसल्या. मी घाईघाईनं पीठ मळलं. जन्मात कधी फाटली नव्हती ती भाकरी त्या दिवशी तव्यावर टाकताना फाटली. तशीच ताटात वाढली, सोबत पिठलं, आणि डोळे पदरानं पुसत बाजूला उभी राहिले. अण्णांनी भाकरी उलटून बघितली, सुलटून बघितली. हात लावीनात.

“काय झालं अण्णा?”

त्यांनी ताट माझ्याकडं सरकवलं.

“तूप कुठंय गं?” ते म्हणाले. “लेकीच्या घरी जेवाया बसलोय मी.”